न घेतलेलं नाव

त्या मंगळवारी मी एनेंना इस्पितळात घेऊन गेले ती फक्त छातीचा फोटो काढायला. आठवडाभर खोकत होत्या. मी त्याच इस्पितळात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, तेव्हा रांगेत उभं राहायला नको, दहा मिनिटांत काढून परत पाठवते, असं मी कुबातला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं होतं. निघताना एनेंनी पिशवीत बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, घेतले. फोटो काढणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, एने, तो यंत्र चालवतो, पाहुणा नाहीये. त्यांनी मफलर घट्ट केला आणि पिशवी माझ्याच हातात दिली.

एने म्हणजे आई, माझ्या सासूबाईंना मी तसं म्हणते. चार वर्षांत त्यांच्याशी माझं एकदाही कडाक्याचं भांडण झालं नाही, हे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी विश्वास ठेवत नाही. दोनदा अबोला झाला, दोन्ही वेळा शेवयांतल्या मिठावरून.

एक वाजता त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला. चार वाजता त्या माझ्याच विभागात, दोन नंबरच्या खाटेवर होत्या, ओठ निळे. आमच्या डॉक्टर राखात एजे. एजे म्हणजे ताई, पण त्यांना एजे म्हणताना पाठ आपोआप ताठ होते. त्या म्हणाल्या, नळी घालायची, यंत्राने श्वास द्यायचा, औषध भर.

नळी घशात असताना माणूस शुद्धीत राहिला तर घाबरतो, ओढून काढतो. म्हणून झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं. ते पांढरं असतं, अगदी दुधासारखं, आणि आम्ही आपसात त्याला दूधच म्हणतो. माझा तिलेक तेव्हा सहा महिन्यांचा होता. दिवसातून दोनदा मी कपडे बदलायच्या खोलीत दार लावून बाटलीत माझं दूध काढायची, आणि तोंड धुऊन बाहेर येऊन दुसरं दूध लोकांच्या शिरेत लावायची. या दोन्हींत कधीतरी माझा घोटाळा होणार, अशी मला रोज भीती वाटायची. मी घरातली शेगडी विझवली की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई आहे.

सुई टोचायच्या आधी एनेंनी माझं बोट धरलं. काहीतरी चांगलं बोलायची ती वेळ होती. मी काय बोलले? रोज सकाळी कामाला निघताना, दारात रुमाल बांधता बांधता जे म्हणते तेच तोंडातून आलं.

"एने, तिलेककडे बघा हं."

आणि त्यांनी हनुवटी हलवली. रोजचं उत्तर, आवाजाशिवाय. तू जा.

मग दूध शिरेत गेलं आणि डोळे मिटले.

नियमाने मला त्यांच्या खाटेजवळ काम द्यायला नको होतं. पण त्या जानेवारीत अर्ध्याहून जास्त परिचारिका स्वतःच तापाने पडलेल्या, त्यामुळे नियम बाजूला राहिला. दिवसपाळ्या मी घेतल्या. राखात एजेंची पद्धत ठरलेली. रोज सकाळी दहाला दूध बंद करायचं, माणूस डोळे उघडतो का बघायचं, हात दाबायला सांगायचं. कळतंय, शांत आहे, तर कमी औषधावर ठेवायचं. धडपडला तर पुन्हा निम्म्याने सुरू. आधीच्या मोठ्या डॉक्टरांच्या वेळी सगळे रुग्ण गाढ ठेवायचे, म्हणजे पाळी निवांत जायची. एजे आल्या तसं ते बंद झालं. "माणसाला झोपवायचंय," त्या म्हणतात, "पुरायचं नाही."

झोपेची खोली आम्ही आकड्यांत लिहितो. शून्य म्हणजे जागा आणि शांत. उणे एक, उणे दोन, अशी एकेक पायरी खाली. उणे पाचला काहीच कळत नाही.

एने उणे चारवर होत्या. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी. मी औषधाचा पंप तीनदा तपासला, मग शेजारच्या मुलीला तपासायला लावला, मग ती जेवायला गेल्यावर पुन्हा स्वतः तपासला. मात्रा बरोबर होती. उलट कमी होती. फुप्फुसं सुधारत होती, ताप उतरला होता. रविवारी सकाळी दहाला एजेंनी दूध बंद केलं ते बंदच ठेवलं. संध्याकाळपर्यंत उणे चार.

एजे मला खिडकीशी घेऊन गेल्या. बाहेर बर्फाचं धुकं होतं, नदीच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. डोक्याची तपासणी करायचं यंत्र बिश्केकला, आणि वाटेतली दोलोनची खिंड सोमवारपासून बंद. त्या म्हणाल्या, औषध शरीरातून निघायला वेळ लागत असेल, वय आहे. पण मंगळवारी आठ दिवस होतील. मंगळवारी दुपारपर्यंत जागी झाली नाही तर गळ्याला छिद्र पाडून नळी तिथून घालावी लागेल. आणि त्यानंतर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी सहा वर्षं या विभागात आहे. त्यानंतर या वयाची किती माणसं चालत घरी जातात, मला माहीत होतं.

आता घरचं सांगते.

तिलेक एनेंचा मुलगा आहे, मी फक्त त्याला जन्म दिला, असं कुबात म्हणतो. पाळण्यात त्याला बांधणं, वरच्या दांडीवर दुलई टाकणं, जमिनीवरच्या दोन वाकड्या पायांवर तो पाळणा डुलवत ठेवणं, हे एने करायच्या. मी बांधला की पाचव्या मिनिटाला त्याचा एक हात बाहेर. मी डुलवला की तो माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, जणू नवीन माणूस कामावर ठेवलाय. त्यामुळे एने इस्पितळात आणि तो बापाजवळ, म्हटल्यावर घर डोक्यावर घेईल याची मला खात्री होती. कुबात ट्रक चालवतो. खिंड बंद म्हणून घरी होता. खुशीत होता बिचारा. म्हणाला, तुम्ही बायका उगाच बाऊ करता, पोरगं दिवसभर झोपतं.

घर इस्पितळापासून सात मिनिटांवर. एक वाजता मी दूध पाजायला जायची. गुरुवारी गेले तेव्हा कुबात अंगणात बर्फ उपसत होता. मी आत शिरले. खोलीत आर्चा झुडपाच्या काड्यांच्या धुराचा वास होता. एने रोज सकाळी पाळण्याभोवती तो धूर फिरवायच्या. त्याखाली मेंढीच्या चरबीचा, लोकरीचा, त्यांच्या जाकिटाचा वास.

टक... टक... टक...

पाळणा डुलत होता. जमिनीवर पाय टेकण्याचा तो आवाज मला झोपेतही ओळखता येतो. वरची दुलई दोन कोपरे आत आणि तिसरा बाहेर अशी, एनेंच्या पद्धतीने, टाकलेली. तिलेक गाढ झोपलेला. मला वाटलं, कुबात आत्ताच हलवून बाहेर गेला. कुबातला, नंतर कळलं, वाटत होतं की मी येऊन हलवते. धुराबद्दलही तेच. आम्ही दोघं एकमेकांचं मनातल्या मनात कौतुक करत होतो. लग्नाला चार वर्षं झाली की अशा चुका होतात.

सोमवारी सकाळी अकराला मी एनेंचे हात धूत होते. नळी ओढू नये म्हणून रुग्णांचे हात मऊ पट्टीने खाटेच्या कडेला सैलसर बांधतात. मला ते करताना नेहमी तिलेक आठवतो. मी उजव्या हाताची पट्टी सोडली. हात खाली पडला नाही. मनगटातून हलला. पुढे, मागे. पुढे, मागे. जणू तळव्याखाली एखादी दांडी होती.

आकडी असेल म्हणून मी मोजायला लागले. यंत्र मिनिटाला सोळा श्वास देत होतं. हात मिनिटाला चव्वेचाळीस वेळा जात होता, एकसारखा, न दमता. चेहऱ्यावर काही नाही. डोळे मिटलेले.

खिशात फोन थरथरला. कुबात होता. म्हणाला, पोरगं झोपलंय, काळजी नको. मग जरा थांबून हसल्यासारखं करत म्हणाला, "तू पाळण्याला मोटार वगैरे बसवलीस का गं?"

"का?"

"मी समोर बसलोय. हात मांडीवर आहेत माझे."

मी म्हटलं, फोन पाळण्याजवळ धर.

टक... टक... टक...

माझ्या डोळ्यांसमोर एनेंचा हात आणि कानात तो आवाज. हात पुढे जायचा, टक. मागे यायचा, टक. हजार पावलंही अंतर नसेल, पण मध्ये दोन भिंती, अंगण, रस्ता, पुन्हा अंगण. मी फोन खांद्याने कानाशी दाबला आणि एनेंचा हात दोन्ही हातांत धरला. हळूच. थांबवला.

फोनमधला आवाज थांबला. मग तिलेक रडायला लागला.

मी हात सोडला. हात पुन्हा हलू लागला. टक... टक... रडणं हुंदक्यावर आलं, मग तेही नाही.   मला फोनमधून कुबातचा श्वास ऐकू येत होता.

"बाळाला उचल," मी म्हटलं.

पट्ट्या सोडायला त्याला वेळ लागला. कुरकुर, कपड्यांची सळसळ. आणि त्या सगळ्याच्या मागे, टक... टक...

"बेर्मेत," तो म्हणाला. "पोरगं माझ्याजवळ आहे. पाळणा रिकामा आहे... आणि हलतोय."

आमच्यात रिकामा पाळणा हलवत नाहीत. मूल दगावतं म्हणतात. खेळता खेळता कुणा पोराने हलवला तर एने धावत जाऊन त्याच्या हातावर चापट मारायच्या, मग खिशातली साखर द्यायच्या. मी शिकलेली बाई आहे, असलं काही मानत नाही, पण पाळणा रिकामा असला की मी त्याच्या पायाखाली पाचर सरकवून ठेवते.

एने कधीच रिकामा पाळणा हलवणार नाहीत. म्हणजे त्यांना दिसत नव्हतं. तिलेक आत आहे की नाही, दिवस आहे की रात्र, काही नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की मी बघायला सांगितलंय, आणि मी अजून कामावरून परत आलेली नाही.

सहा दिवस. न जेवता.

मी त्यांच्या कानाशी वाकले. एने, मी आले. एने, आता मी बघते, तुम्ही उठा. किती वेळा म्हटलं असेन. हात चालूच. विभागात प्रत्येक म्हातारीला सगळे एने नाहीतर आपा, म्हणजे आईच, म्हणतात, दिवसभर सगळ्या बाजूंनी तेच. त्यातली कुठली हाक आपली, हे त्या तळातून कसं कळावं?

राखात एजे माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी हाताकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहिलं. फोन कानाला का, हे विचारलं नाही.

"नावाने हाक मार," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नावाने सगळ्यांनी मारून झालीय, रोज दहाला मारतात.

"त्यांचा आवाज तिला कुठे माहितीय? तुझा माहितीय."

 सून सासूचं नाव घेत नाही. मी चार वर्षांत घेतलं नव्हतं. एनेंच्या नावाचा अर्थ चांदी, म्हणून मी तो शब्दही तोंडात घेत नसे. दुकानात जाऊन 'त्या पांढऱ्या धातूची अंगठी दाखवा' म्हणायची, आणि दुकानदार माझ्याकडे गावंढळ म्हणून बघायचा. एने हसायच्या. म्हणायच्या, तुझं बरंय पोरी, माझ्या सासूचं नाव सफरचंद होतं आणि आमची इसिक-कुल तळ्याकाठी बाग होती सफरचंदांची. जन्मभर 'ते लाल लाल' म्हणत वेचली. त्यांच्या कागदांवर नाव लिहायची वेळ आली तेव्हाही मी लिहिलं, पण ओठ मिटून.

"मीही माझ्या सासूचं घेत नाही," एजे म्हणाल्या. "पण माझी सासू घरी बसून टीव्ही बघतेय. उद्या दुपारी मला हिचा गळा कापायचाय, बेर्मेत."

आणि त्या पडदा ओढून बाहेर गेल्या. जाणीवपूर्वक गेल्या, असं मला अजून वाटतं.

मी वाकले. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही. दुसऱ्यांदा निघाला तो परक्या कुणाचा तरी.

"कुम्युश..."

हात अडखळला.

"कुम्युश, मी आलेय. घरी चला. कुम्युश, बास करा आता. मला... मला नीट बांधता येत नाही त्याला, तुम्ही शिकवलंच नाहीत. उठा ना."

नाक वाहत होतं, मास्क ओला झाला होता. मी ते नाव किती वेळा घेतलं माहीत नाही. चार वर्षांचं साठलेलं एकदम.

हात थांबला. गादीवर टेकला. फोनमधून कुबात हळू म्हणाला, "थांबला."

एनेंच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले, धूसर, मग माझ्यावर स्थिर झाले. शेवयांत मीठ जास्त झालं की जशा बघतात, तशाच बघत होत्या. मी हात दाबायला सांगितलं. त्यांनी दाबला, आणि चांगला जोरात.

मंगळवारी दुपारी एजेंनी गळा कापला नाही, नळी काढली. संध्याकाळी एनेंच्या घशातून पहिले शब्द आले ते खरवडल्यासारखे.

"माझं नाव... कोणी घेतलं?"

"इथल्या एका नर्सने," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "ती नर्स फार रडत होती," म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या घरी काठीशिवाय चालू लागल्या. तिलेकला त्यांच्या मांडीवर टाकलं तेव्हा त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं नाही, हे खोटं आहे. पण कमी वाटलं. मार्च लागल्यावर एका दुपारी चहा पिताना, खिडकीत ऊन होतं, मी विचारलं, त्या दिवसांतलं काही आठवतं का. बऱ्याच जणांना भयंकर काहीबाही आठवतं. काही जण महिनोन् महिने झोपायला घाबरतात.

एने म्हणाल्या, नाही बाई, मला काही त्रास झाला नाही. घरीच होते की. तिलेकला डुलवत होते. हात तेवढा दुखला.

मग त्यांनी चहात दूध घातलं, ढवळलं, आणि म्हणाल्या, "तेवढं तुझं बोलावणं सोडून."

मी म्हटलं, ते माफ करा, दुसरा इलाज नव्हता.

"त्या शेवटच्या दिवसाचं नाही म्हणत मी. त्याच्या आधीचं. रोजचं."

रोजचं कुठलं, मी विचारलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. सांगू लागल्या. पहिल्याच दिवशी दाराकडून हाक आली. बाहेरच्या दाराकडून. आवाज माझा. अगदी माझा. घाई नाही, चिडचिड नाही, गोड. कुम्युश, बाहेर या ना. कुम्युश, गाडी थांबलीय. त्या उठणारच होत्या. एक पाय बुटात घातलासुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हटलं, माझी सून मेली तरी माझं नाव घेणार नाही. ही ती नव्हेच." त्या हसल्या, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बसले परत. डुलवत राहिले. रोज यायची हाक, मी रोज बसून राहायची. तुझ्या त्या पांढऱ्या धातूने वाचवलं बघ मला."

मला विचारायचं होतं, मग शेवटच्या दिवशी कसं ओळखलंत. त्यांनीच सांगितलं. "त्या दिवशीची रडकी होती. शेंबडी. दारातली कधी रडली नाही."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत त्यांच्याजवळ एक खूण होती, पक्की, चार वर्षांची. मी ती पुसून टाकली होती. माझ्या तोंडून ते नाव येऊ शकतं, हे आता एनेंना माहीत झालं होतं. आणि जे दारात उभं होतं, त्यालाही.

  त्या दिवसापासून मी घरात काहीही मागायचं असलं तर हाक मारत नाही, त्यांच्याजवळ चालत जाते. कुबात म्हणतो, इस्पितळाने तुझा आवाज खाल्ला.

परवाची गोष्ट. दुपारचे बारा. मी स्वयंपाकघरात कणीक लाटत होते. एने पलीकडच्या खोलीत तिलेकला जमिनीवर बसवून खेळवत होत्या. तो आता बसतो. अचानक एनेंचा आवाज आला, हसरा, थोडा लटक्या रागाचा.

"आले गं, आले. किती वेळा नाव घेशील माझं?"

मी तोंड उघडलं नव्हतं.

पिठाच्या हातांनीच धावले. एने बाहेरच्या दाराशी होत्या. एक पाय बुटात. हात कडीवर. मी त्यांची बाही धरली. त्या वळल्या, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांच्या पिठाकडे, मग ज्या बाजूने मी आले त्या स्वयंपाकघराकडे.

"तू... आत होतीस?"

"चहा गार होतोय, एने," मी म्हटलं. "या आत."

त्यांनी बूट काढला.  माझा हात धरून आत आल्या, घट्ट धरून. त्यांचे हात गरम असतात नेहमी.

तिलेक जमिनीवर बसला होता. आमच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी कामावरून आले की माझा आवाज ऐकून जसा दोन्ही हात वर करून खिदळतो, तसाच खिदळत होता. बंद दाराकडे बघून.